घरातल्या यंत्रांचा घसारा



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा, पाचट आणि बेणे यांबद्दल लिहावे असा या पत्रिकेचा रिवाज आहे. फ्रीज, मिक्सर, धुण्याचे यंत्र हा काही आमचा प्रांत नव्हे. पण उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पुढच्या आठ दिवसांत गावात जे टेंपो येतात, ते आम्ही गट ऑफिसच्या ओट्यावरून बघत असतो. एका टेंपोत खताची पोती असतात आणि तीन टेंपोंत खोकी. उसाचा पैसा कुठे जातो हे ज्याला रोज दिसते, त्याने त्याबद्दल चार शब्द बोलले तर राग नसावा.

निमित्तही तसेच घडले आहे. आपल्या ग्राहक भांडारातून फ्रीज, टीव्ही, धुण्याची यंत्रे हप्त्याने मिळावीत आणि हप्ता उसाच्या बिलातून परस्पर कापून घ्यावा, अशी मागणी काही गटांतून आली आहे. मागणी करणारे आमच्या रोजच्या उठबशीतले लोक आहेत. त्यांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. तरीही या मागणीला आमचा विरोध आहे. तो का, हे सांगण्यासाठी जरा मुंबईला जाऊन यावे लागेल, कारण या खरेदीचे मूळ तिथे आहे.

मुंबई म्हणजे फोर्ट-चर्चगेट नव्हे. आपल्या गावांची मुंबई म्हणजे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. पूर्वी आपली माणसे गिरणगावात खोली करून राहायची. त्यांची पोरे आता उपनगरात बिऱ्हाड करून आहेत. दिवाळीला, जत्रेला ती गावी येतात आणि चहा पिता पिता सांगतात, "आमचा अमक्या कंपनीचा आहे. दहा वर्षं झाली, हात लावला नाही." झाले! पुढच्या बिलाला गावात त्याच कंपनीचे चार नग येतात. तीन वर्षांनी त्यातले दोन परड्यात कोंबड्या बसवायच्या कामी आलेले असतात. मग म्हणायचे, कंपनी बिघडली.

कंपनी बिघडली असेलही. पण आधी रान बघा. उसाची जात आपण शेजाऱ्याचे ऐकून लावतो का? काळ्या निचऱ्याच्या जमिनीत को ८६०३२ उत्तम येतो. तोच क्षारपड रानात लावला तर पिवळा पडतो, तिथे फुले २६५ तग धरतो. यंत्राचेही तसेच आहे. बोरिवलीच्या नळाला येणारे पाणी वैतरणा, भातसा अशा धरणांचे, म्हणजे मऊ. आपल्या बोअरचे पाणी भांड्यावर पांढरा थर धरते. तोच थर गिझरच्या आणि धुण्याच्या यंत्राच्या तापणाऱ्या कांडीवर बसतो. थर जाड झाला की कांडीची उष्णता पाण्यात जात नाही आणि शेवटी कांडी जळते.

विजेचेही तेच. मुलुंड-भांडुपला आपल्यासारखीच महावितरणची वीज आहे. अंधेरी-बोरिवलीकडे पूर्वी बीएसईएस होती, मध्ये रिलायन्स आली, २०१८ पासून अदानी आहे. नावे कोणतीही असोत, तिथे दाब सहसा २३० च्या आसपास राहतो. आपल्याकडे रात्री थ्री फेज आली आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलल्या की काही वाड्यांवर दिवा मिणमिणतो. अशा वेळी फ्रीजचा कॉम्प्रेसर कण्हत राहतो आणि तापतो. वीज जाऊन लगेच आली तर आतला गॅसचा दाब उतरायच्या आत तो पुन्हा उचलायला बघतो. म्हणून स्टॅबिलायझर हवा, तोही गेलेली वीज परत आल्यावर तीन-चार मिनिटे थांबून चालू करणारा. फ्रीजला वीस-पंचवीस हजार देणारा माणूस याच्या दोन हजारांसाठी हात आखडतो, हे आम्ही कित्येक घरांत पाहिले आहे.

आता मुंबईकरांकडून घ्यावे असे काही नाहीच का? आहे, पण ते खोक्यात मिळत नाही. आमच्या धाकट्या भावाचे बिऱ्हाड मुलुंडला आहे. नोकरी साधी, घराचे कर्ज चालू, दोन मुले. घरचा हिशेब भावजयीच्या हाती. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक वही टांगलेली असते. कोणती वस्तू कधी घेतली, बिल कुठे आहे, हमी कधी संपते, दुरुस्तीला किती गेले, सगळे त्यात. गेल्या खेपेस आम्ही विचारले की नवीन फ्रीज घेताना दुकानात काय बघतेस? ती म्हणाली, "भाऊजी, मी आधी गल्लीतल्या मेकॅनिककडे जाते. कुठले त्याच्याकडे जास्त येतात आणि कुठल्याचा पार्ट मिळतच नाही, ते तो सांगतो. दुकानात जायचं ते फक्त पैसे द्यायला." दुकानदाराला विक्री दिसते, मेकॅनिकला मढी दिसतात. शेतकी खात्यात आम्हीही वाण असाच पारखतो. पहिल्या वर्षीच्या टनेजवर जात नाही, तिसरा खोडवा कसा आला ते विचारतो.

ही नजर उपनगरातल्या बायकांना आपोआप आलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात महागाईने कहर केला तेव्हा गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर अशांच्या पुढाकाराने हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच्याही आधी, १९६६ साली, मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी काढली आणि पुढे बाजारातल्या वस्तू तपासून निकाल जाहीर करायला सुरुवात केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. बिंदुमाधव जोशी हे तिचे प्रवर्तक, संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसेही त्या कामात होती. विलेपार्ल्याला तिचे ग्राहक भवन आहे. पद्धत अशी की शेजारपाजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र लिहून द्यायची, पैसे आधी भरायचे. माल एका घरी उतरतो आणि घरोघरच्या बायका तो आपसांत वाटून घेतात. दुकान नाही, उधारी नाही. सहकार सहकार म्हणून आपण सभा गाजवतो, पण उधारीशिवायचा सहकार या बायकांनी चालवून दाखवला.

मिक्सरचीच गोष्ट घ्या. १९६० च्या दशकात मुंबईत नोकरी करणारे अभियंते एस. पी. माथूर यांच्या घरी जर्मन बनावटीचा मिक्सर होता. आपल्याकडचे वाटण त्याला पेलेना. मोटर जळाली आणि इथे दुरुस्ती होईना. पत्नी माधुरी यांची ती अडचण बघून माथूर यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा दमाची मोटर बसवून स्वतःच मिक्सर केला. तोच पुढे घरोघरी गेलेला 'सुमीत'. परदेशात तो जर्मन मिक्सर चांगलाच चालत असणार. त्याला आपली भिजवलेली डाळ आणि सुके खोबरे माहीत नव्हते, इतकेच.

आता हप्त्याकडे येऊ. घाटकोपरच्या मॉलमध्ये काय किंवा आपल्या तालुक्याच्या दुकानात काय, पाटी एकच असते: 'बिनव्याजी हप्ते'. समजा फ्रीजची किंमत २४,००० आहे. हप्त्याने घेतला तर दरमहा ३,००० प्रमाणे आठ हप्ते, बेरीज २४,०००. व्याज कुठे आहे? पण रोख देतो म्हणा, दुकानदार २२,००० ला देतो. म्हणजे तुमच्या हाती २२,००० चा माल आला आणि फेड २४,००० ची. हिशेब मांडून बघा, महिना शेकडा जवळजवळ २ पडतात, वर्षाचे २४. सावकाराने हा दर सांगितला तर आपण भांडायला उठू. बिनव्याजी असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना परिपत्रक काढून बजावले आहे. पाट्या मात्र नाव बदलून चालू आहेत.

मुलुंडच्या भावाला हा हप्ता निदान झेपतो, कारण त्याचा पगार एक तारखेला येतो आणि हप्ता पाच तारखेला जातो. आपले तसे आहे का? ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. ते मागेपुढे होते, हे कारखान्याच्याच पत्रिकेत लिहायला आम्हांस संकोच वाटत नाही. शिवाय पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो. हप्ता बाराही महिने पाच तारखेलाच येतो. एक चुकला की दंड, बँकेचा वेगळा दंड. हा धोका टाळण्यासाठीच हप्ता बिलातून कापा म्हणतात, हे आम्ही समजतो. पण बिलाची पावती एकदा उजेडात धरून बघा. सोसायटी, पाणीपट्टी, खत, बेणे, ठेव. या कपातींनी निदान ऊस उभा राहतो. त्यांच्या रांगेत धुण्याचे यंत्र उभे केले की खोडव्याच्या पहिल्या डोसाला हात तोकडा पडणार, आणि पुढच्या वर्षी टनेज का घटले म्हणून आम्हांलाच विचारणार.

मग वस्तू घ्यायच्याच नाहीत का? घ्याव्यात. बाईमाणसाने थंडीत हौदावर दगडाशी झगडत राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या घरी असे म्हणून बघावे, जेवण मिळणार नाही. मुद्दा पैसा कसा उभा करायचा हा आहे, आणि त्याचे उत्तर कारखान्याच्या आवारातच आहे. गळीत संपले की मिल उघडतात, रोलर काढतात, टर्बाइन तपासतात. त्याचा खर्च त्या महिन्यात आठवत नाही, आधीच धरलेला असतो. ताळेबंदात घसारा असतो. वार्षिक सभेत त्या आकड्यावर हात वर करून प्रश्न विचारणारे सभासद आहेत. त्यांच्या घरच्या ताळेबंदात घसारा किती, असे आम्ही विचारले तर?

अंदाज देतो. फ्रीज २४,००० चा, दहा वर्षे चालला तर वर्षाला २,४००. धुण्याचे यंत्र आणि टीव्ही प्रत्येकी १६,००० चे, आठ वर्षे धरली तर दोन्ही मिळून ४,०००. मिक्सर ४,००० चा, आठ वर्षांनी ५००. बेरीज ६,९००. दुरुस्ती धरून ८,००० म्हणा. आजच्या दराने हे अडीच-तीन टन उसाचे पैसे झाले. तेवढ्या उसाचे पैसे पहिले बिल येताच पतसंस्थेत किंवा बँकेत वेगळे ठेवायचे, बायकोच्या नावावर ठेवले तर उत्तम, ते लवकर मोडत नाहीत. यंत्र मेले की दुसऱ्याचे पैसे तयार. आमचे एक नातेवाईक कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, त्यांच्या घरात गळ्याइतके पाणी चढले. सगळी यंत्रे एका रात्रीत गेली. बाजूला टाकलेली रक्कम होती म्हणून दोन महिन्यांत घर पुन्हा उभे राहिले, कर्ज काढावे लागले नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे हेच दृश्य आपण पाहिले.

फसवणूक झाली तर गप्प बसू नये. भावजयीच्या यंत्राचा एक पार्ट हमीत असूनही एका कंपनीने चाळीस दिवस लटकवला होता. तिने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, पावतीची तारीख वहीतून वाचून दाखवली, आठवड्यात माणूस घरी आला. त्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, मग माल मुंबईत का घेतलेला असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असेही नाही. मुदत दोन वर्षांची. पावती मात्र हवी. ती पिठाच्या डब्यात ठेवू नका.

म्हणून संचालक मंडळाकडे आमचे म्हणणे असे आहे. ग्राहक भांडाराने हप्ते आणि कपातीच्या भानगडीत पडू नये. त्याऐवजी एक आयटीआय झालेला, यंत्रांची दुरुस्ती जाणणारा मुलगा नेमावा. आपल्याच सभासदांची अशी मुले पुण्याच्या वाटेवर आहेत. नेहमी लागणारे सुटे भाग ठेवावेत. ज्या सभासदांनी पैसे आधी साठवले आहेत अशा पंचवीस-तीस घरांची मागणी एकत्र करून वर्षातून एकदा घाऊक खरेदी करावी, ग्राहक पंचायतीसारखी. कोणता नग घ्यायचा हे दुकानदाराने किंवा मुंबईच्या पाहुण्याने नव्हे, त्या दुरुस्तीवाल्या मुलाने सांगावे.

त्याच्या हाती काही माहिती असावी यासाठी एक छोटा तक्ता छापून घेतला आहे. गेल्या दहा वर्षांत घरात कोणते यंत्र घेतले, ते किती वर्षे टिकले, पाणी बोअरचे की नळाचे, स्टॅबिलायझर होता की नाही, दुरुस्तीला किती गेले, एवढेच त्यात भरायचे. तक्ते स्लिपबॉयकडे दिले आहेत. शक्यतो घरातल्या बाईकडून भरून घ्यावेत आणि हंगाम संपण्यापूर्वी गट ऑफिसात पोहोचते करावेत.