भाद्रपदापूर्वीचा निर्णय

भाद्रपद महिना आणि कुत्री यांचे नाते मराठी भाषेने कधी लपवून ठेवलेले नाही. माणसाच्या अनावर वासनेची हेटाळणी करावयाची झाली की बोलीला हाच महिना आठवतो. परंतु ही उपमा ज्या वास्तवातून आली, त्या वास्तवाकडे समाज हसून किंवा मान फिरवून मोकळा होतो. कर्जत आणि खालापूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या दोन तालुक्यांत पाऊस ओसरू लागला, भात पोटरीला आले, की हे दृश्य गावोगाव दिसू लागते. एका मादीमागे सहा-सात नर, रात्रभर चाललेली भांडणे, फाटलेले कान, जखमांत पडलेले किडे, आणि मादीच्या वासावर चार-चार गावे ओलांडताना मोटारीखाली आलेला एखादा पाळलेला कुत्रा. त्यानंतर सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिकात, पिल्ले जन्माला येतात. बाजारामागच्या उकिरड्यावर, स्थानकाच्या आवारात, शाळेच्या व्हरांड्याखाली ती थंडीत कुडकुडतात. बरीचशी मरतात, काही पोत्यात भरून दूर सोडली जातात. जी उरतात, ती पुढील भाद्रपदाची तयारी करतात.

या चक्रात नर कुत्र्याचा मालक स्वतःला निर्दोष समजतो. त्याच्या अंगणात पिल्ले होत नाहीत, त्यामुळे त्याच्यापुढे प्रश्नच उभा राहत नाही. आपल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करावे की करू नये, आणि करावयाचे तर कधी, हा त्याला घरगुती आवडीनिवडीचा प्रकार वाटतो. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कुत्रा साखळीच्या टोकाशी राहतो की गावभर हिंडतो, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. हिंडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हा निर्णय एका घराचा राहत नाही, तो गावाचा होतो.

शब्दाचा अडसर

या निर्णयाच्या आड प्रथम येतो तो शब्द. ‘खच्चीकरण’ हा शब्द मराठीत आता गोठ्यापेक्षा राजकारणातच अधिक ऐकू येतो. मनोधैर्याचे खच्चीकरण होते, संस्थांचे खच्चीकरण होते, कार्यकर्त्यांचे खच्चीकरण होते. ज्या शब्दाला पराभवाचा आणि अपमानाचा वास चिकटला, तो आपल्या राखणदार कुत्र्याला लावून घेण्यास मन धजत नाही. त्याची मर्दुमकी जाईल, तो भुंकणार नाही, मांजर होऊन कोपऱ्यात पडेल, अशी भीती सुशिक्षित घरांतही बोलून दाखवली जाते.

विसंगती अशी की, हाच समाज शतकानुशतके बैल बडवीत आला आहे. नांगराला जुंपलेला बैल बडवलेला असतो आणि त्यामुळे तो दुबळा झाला असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. उलट, त्याच्या शांत, सबुरीच्या बळावरच भातशेती उभी राहिली. बोकड खस्सी करण्यातही कोणाला काही गैर वाटले नाही. मग कुत्र्यापाशी येऊनच हात का थांबतो? बैलाच्या बाबतीत उपयोग डोळ्यांसमोर होता. कुत्र्याच्या बाबतीत नुकसान दुसऱ्याच्या दारात होत होते, म्हणून ते दिसले नाही.

शस्त्रक्रियेने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. भूल देऊन नराची वृषणे काढली की मादीच्या शोधात भटकणे, जागोजागी मूत्राने हद्द आखणे आणि नरांशी मादीवरून झुंजणे बहुतांशी कमी होते. वृषणाच्या कर्करोगाचा प्रश्न उरत नाही. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढून होणारा त्रास टळतो. मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारी जननेंद्रियांवरील रक्ताळ गाठ आपल्याकडे सर्रास आढळते; तिच्यापासूनही मोठे संरक्षण मिळते. परक्या पावलावर भुंकणे ही मात्र कुत्र्याची हद्दीची जाण आणि सवय आहे. ती वृषणांबरोबर जात नाही. अंग सुटते हे खरे. परंतु त्यावर भाकरीचा तुकडा कमी करणे आणि कुत्र्याला चालवणे हा उपाय आहे. त्याचबरोबर, भीतीपोटी अंगावर येणारा कुत्रा या शस्त्रक्रियेने सुधारतोच असे नाही. त्याला सवय आणि शिकवण लागते. शस्त्रक्रियेकडून चमत्काराची अपेक्षा करणाऱ्यांची निराशा होते, आणि मग तेच लोक तिचे विरोधक बनतात.

दोन अंगणे, दोन उत्तरे

कर्जत-खालापुरात आज कुत्र्यांची दोन जगे शेजारीशेजारी नांदत आहेत. एक जग वाड्या-पाड्यांचे आहे. ठाकूर आणि कातकरी वस्त्यांत कुत्रा दावणीला बांधलेला नसतो. तो शेताची राखण करतो, रानात माणसाबरोबर जातो, आणि तो कोणा एकाचा नसून साऱ्या वाडीचा असतो. दुसरे जग फार्महाऊसचे. मुंबई-पुण्याच्या मध्यावर असल्याने या भागातील माळ आणि शेते विकली गेली, कुंपणे पडली, आणि त्यांच्या आत जर्मन शेफर्ड, लॅब्रडॉर, रॉटवायलर आले. मालक शनिवारी येतो, रविवारी परततो. मधले दिवस कुत्रा राखणदाराच्या हवाली असतो. फाटक उघडे राहिले की कुंपणाआडचा कुत्रा आणि वाडीवरची मादी यांची गाठ पडते. होणाऱ्या पिल्लांची नोंद कोणाच्याही वहीत होत नाही.

या दोन जगांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही. मोठ्या जातींच्या बाबतीत घाई अपायकारक ठरू शकते, असे आता पुराव्याने सांगता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीचा, आणि २०२० साली पस्तीस जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांमध्ये सांध्यांचे विकार अधिक आढळले. लहान जातींत सहसा तसे दिसले नाही. हाडांची वाढ थांबण्यास जी संप्रेरके लागतात, ती वृषणांतूनच येतात, हे त्यामागील कारण होय. म्हणून भक्कम कुंपणात राहणाऱ्या, माणसाबरोबर साखळीनेच बाहेर जाणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या मालकाने दीड-दोन वर्षांपर्यंत थांबावे आणि नंतर पशुवैद्याशी बोलून ठरवावे. त्याने शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले, तरी त्यात गैर नाही. नॉर्वेने २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यात सबळ कारणाशिवाय प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्यास मनाई केली आहे. तेथे सरसकट निर्बीजीकरण होत नाही. परंतु तेथे कुत्रा रस्त्यावर एकटा हिंडतही नाही. नॉर्वेचा दाखला देणाऱ्याने नॉर्वेची साखळीही घेतली पाहिजे.

जो कुत्रा हिंडतो, त्याच्याबाबतीत थांबण्याचे कारण उरत नाही. मध्यम बांध्याचा गावठी नर सहा ते दहा महिन्यांत वयात येतो. वर्षाचा होण्याच्या सुमारास त्याची शस्त्रक्रिया व्हावी. आणि येथे कोकणचे हवामान स्वतःच वेळापत्रक घालून देते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या कर्जतमध्ये आषाढ-श्रावणात ओल्या जमिनीवर, माश्यांच्या दिवसांत ताजी जखम सांभाळणे कठीण असते. शस्त्रक्रियेनंतरही सुमारे महिनाभर नर प्रजननक्षम राहू शकतो. याचा सरळ अर्थ असा की, काम पौषापासून वैशाखापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत उरकले पाहिजे. भाद्रपदात जाग येणे म्हणजे घर जळू लागल्यावर विहीर खणणे होय.

नराचा हिशेब आणि मादीचा

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पिल्लांची संख्या रोखणे हा एकमेव हेतू असेल, तर सार्वजनिक पैसा आधी माद्यांवर खर्च झाला पाहिजे. दहा नरांपैकी नऊ निर्बीज केले आणि एक राहिला, तरी गावातील साऱ्या माद्यांना तो एक पुरेसा होतो. एक मादी निर्बीज केली, तर तिच्या पुढील सर्व वेतांचा प्रश्न मिटतो. नरांची शस्त्रक्रिया सोपी आणि स्वस्त असते, म्हणून आकडे फुगवण्यासाठी ती आधी उरकण्याचा मोह होतो. असा आकडा अहवालात शोभतो. कार्तिकातील पिल्ले मात्र तेवढीच राहतात. नराचे निर्बीजीकरण भटकणे, झुंजी, अपघात आणि रोग यांसाठी हवे. आणि म्हणूनच, ज्याचा नर आहे त्या मालकाने ते स्वतःच्या खर्चाने करावे, हे न्याय्य ठरते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, निर्बीजीकरणाने रेबीज टळत नाही. तो टळतो लशीने. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यांपैकी किमान सत्तर टक्क्यांना लस दिली गेली, तर वस्तीतील रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे; आणि २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा भारताने २०२१ साली स्वीकारला आहे. तेव्हा ज्या दिवशी कुत्रा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येईल, त्या दिवशी लस टोचल्याशिवाय तो परत जाता कामा नये. आणि शाळाशाळांतून मुलांना एवढे तरी पाठ असावे, की कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, त्यावर हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

जबाबदारी कोणाची

कुत्र्यांचा प्रश्न मारून सोडवण्याचा प्रयोग या प्रदेशाने पाहिला आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडले. त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ मुंबईत कुत्री मारली जात होती आणि तरीही ती संपली नाहीत. १९२६ साली अहमदाबादेत गिरणीच्या आवारातील कुत्री मारण्यावरून वाद उसळला, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून मोकाट कुत्र्यांना तुकडा टाकणाऱ्या दयेलाच प्रश्न विचारला. मोकाट कुत्रा हा समाजाच्या करुणेची खूण नसून बेपर्वाईची खूण आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याची गरज नाही. पण तुकडा टाकणे आणि जबाबदारी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही.

कायद्याने ही जबाबदारी आता वाटून दिली आहे. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण हे मालकाचे काम आहे. रस्त्यावरील कुत्र्यांचे काम स्थानिक संस्थेचे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडण्याचे तत्त्व मान्य केले, त्यातून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळली, आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर नेली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्यास सांगितले. म्हणजे कर्जत, नेरळ आणि खोपोलीची स्थानके आणि दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक शाळेचे आवार या आदेशाच्या कक्षेत आले. कुत्री हलवावयाची तर ठेवावयाची कोठे, हा प्रश्न त्याबरोबरच आला.

कर्जत, खोपोली आणि माथेरान या नगरपरिषदा, खालापूरची नगरपंचायत आणि असंख्य ग्रामपंचायती यांपैकी प्रत्येकीने स्वतंत्र शस्त्रक्रियागृह आणि कुत्र्यांसाठी पिंजरे उभारावेत, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. कुत्र्याला पालिकेची हद्द कळत नाही. मग उपाय तरी हद्दीत का अडकावा? दोन्ही तालुक्यांनी जिल्हा परिषदेच्या साहाय्याने एकच संयुक्त केंद्र चालवावे. पौष ते वैशाख या काळात त्याचे फिरते पथक कशेळे, कळंब, चौक, वावोशी अशा बाजारगावी जावे, कारण वाडीवरच्या माणसाने दिवसाची मजुरी बुडवून कुत्रा शहरात न्यावा, असे सांगणे क्रूरपणाचे आहे. वाडीच्या कुत्र्याचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. फार्महाऊसच्या मालकाने आपला खर्च आपण करावा. घरपट्टी भरताना कुत्र्याची नोंद आणि लशीचा दाखला दाखवण्याची प्रथा ग्रामपंचायतींनी पाडली, तर कुंपणाआडच्या कुत्र्यांची पहिली खरी मोजणी होईल.

एका नर कुत्र्याची शस्त्रक्रिया ही काही मिनिटांची गोष्ट आहे. तिच्याभोवती माणसाने आपल्याच पौरुषाच्या कल्पना गुंडाळून ठेवल्या, म्हणून ती मोठी झाली. कुत्र्याला त्या कल्पनांशी कर्तव्य नाही. त्याला अन्न, ऊन, ओळखीचा आवाज आणि राखण करण्यास एक दार हवे असते. ज्याने ते दार त्याला दिले, त्याने त्या दाराबाहेर तो काय करतो याचीही जबाबदारी पत्करावी. आणि ती पत्करावयाची तर भाद्रपदाची वाट पाहत बसू नये.