परिचारिकेची तपासणी कोणी करावी?

वडूजसारख्या तालुक्याच्या गांवीं आरोग्याच्या कामांत स्त्रियांस पहिला आधार नर्सबाईंचा. जें पतीस किंवा सासूस सांगवत नाहीं, तें त्यांना सांगतां येतें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या कर्करोग-तपासणीची योजना आंखली. तींत दर पांच वर्षांनीं स्त्रियांचे स्तन हातानें तपासण्याचें काम अशाच प्रशिक्षित सेविकांकडे सोंपविलें आहे.

या साध्या तपासणीचें मोल मुंबईस दिसून आलें. तेथील टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर एक प्रयोग आरंभिला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी सेविकांनीं दोन दोन वर्षांनीं चार वेळां केवळ हातानें केली. २०२१ सालीं वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटले होते. पन्नाशीच्या आंत मात्र तसा लाभ दिसला नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, इतरांस तपासणाऱ्या या बाईंची तपासणी कोण करतें? देशोदेशीं परिचारिकांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत ज्ञान पुष्कळ आणि आचरण थोडें, असेंच बहुधा आढळतें. यास आळस म्हणणें अन्यायाचें होईल. रात्रपाळी संपवून आलेल्या बाईंपुढें घरचें स्वयंपाकघर उभें असतें. ज्यांच्यासह रोज काम करावयाचें, त्यांच्यापुढें रोगी होऊन बसण्याचा संकोच असतो. शिवाय पुढचें सारें ठाऊक असल्यामुळें जाणत्यास भयही अधिक.

“आम्ही स्वतःच पाहतों,” असें कोणी म्हणेल. आपल्या शरीराची ओळख असावीच. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. शांघायच्या कापडगिरण्यांतील अडीच लक्षांहून अधिक स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. निम्म्यांस स्वतःची तपासणी पद्धतशीर शिकविली, तरी त्यांच्यांत मृत्यु घटले नाहींत, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून शिकलेला दुसरा हात हवा.

आमची सूचना सोपी आहे. दोघी परिचारिकांनीं जोडी करावी आणि ठराविक महिन्यांत परस्परांस तपासावें. गांठ बहुधा दुखत नाहीं, म्हणूनच ती राहून जाते. गांठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंड आंत वळलें किंवा त्यांतून रक्त आलें, तर डॉक्टरांकडे जाण्यास एक आठवडाही दवडूं नये. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात; पण तें तपासल्यावांचून कळत नाहीं.

आणि ज्या घरची सून वा लेक परिचारिका आहे, तेथील वडीलधाऱ्या स्त्रियांसही एक विनंती. तिच्याकडून आपला रक्तदाब मोजून घेतांना एवढें अवश्य विचारावें, “अगं, तुझी तपासणी केव्हां झाली?” उत्तर न आल्यास त्या दिवसाचा स्वयंपाक आपण करावा व तिला तपासणीस धाडावें.