चार मीटरची कात्री

टाटांच्या इंडिगो सीएसची डिकी इतकी आखूड का, याचे उत्तर २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. अर्थमंत्री चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. लहान म्हणजे ४ मीटरपेक्षा अधिक लांब नसलेली. इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० आणि डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत. मूळ इंडिगो या मापाहून जेमतेम १५ सेंटिमीटर लांब होती. २००८ साली टाटांनी तिचे शेपूट छाटले. पुढे २०१२ मध्ये मारुतीच्या डिझायरवरही तीच कात्री चालली.

कर जे मोजतो ते आक्रसते आणि जे मोजत नाही ते फुगते, हा अनुभव जुना आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून अश्वशक्तीनुसार कर होता. त्याच्या सूत्रात सिलिंडरचा व्यास व संख्या होती, दट्ट्याची धाव नव्हती. साहजिकच तिकडची इंजिने अरुंद आणि उंच झाली. आपण फूटपट्टी फक्त लांबीला लावली. परिणामी रांजणगावात बनणारी नेक्सॉन ४ मीटरच्या आत राहूनही सुमारे १.८ मीटर रुंद आहे, आणि कायद्याच्या लेखी तीही ‘लहान’च! सोलापूरच्या नवी पेठेत समोरासमोर आलेल्या दोन मोटारी अडतात त्या रुंदीमुळे.

जपानने केई मोटारींना सवलती देताना रुंदीही १.४८ मीटरवर बांधली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, लहान मोटारींना १८ टक्के व मोठ्यांना ४० टक्के. रुंदी मोजण्याची ती उत्तम संधी होती. ४ मीटरची रेघ तेवढी कायम राहिली.