जाहीर इशारा: ती पांढरी गाडी घेऊ नका

कुही तालुक्यात सध्या एक पांढरी गाडी विकायला निघाली आहे. २०१३ ची, पेट्रोल, एमएच ४० पासिंग, मागच्या बंपरवर डाव्या बाजूला बोटभर ओरखडा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातीत लिहिलंय, ‘फर्स्ट ओनर, मास्तरची गाडी, जपून वापरलेली, कागद क्लिअर.’ ही गाडी कोणीही विकत घेऊ नये. तो मास्तर मी आहे. कागद क्लिअर नाहीत. ‘फर्स्ट ओनर’ मात्र अगदी खरं आहे, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. ही गाडी मी केव्हाच विकली. त्यानंतर ती तीन हातांतून गेली आणि सरकारदरबारी आजही माझीच आहे.

माझ्याकडून घेणारा ओळखीचाच होता. पैसे रोख दिले, बॉण्ड पेपरवर दोघांच्या सह्या झाल्या, बायकोनं चहा केला. जाताना म्हणाला, ‘‘सर, तुमी कायले टेन्शन घेता? आठ दिवसात नावावर करून घेतो न.’’ त्या आठ दिवसांनंतर त्यानं गाडी दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दर वेळी नवा बॉण्ड, नवा चहा. आरसी बुकात बदल शून्य. चालान माझ्या मोबाईलवर येतात. उमरेड रोडवर सीट बेल्ट नव्हता. नागपुरात सिग्नल तोडला. एकदा रात्री साडेअकराला वेग जास्त होता, तेव्हा मी इथे कुहीत घोरत होतो. चालानाबरोबर फोटो येतो. त्यात माझी गाडी ओळखू येते, आतला माणूस येत नाही.

पहिली चूक माझी, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणाला ते मला सांगायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्याचा फॉर्म २९. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. त्याचा फॉर्म ३०. माझं काम एका कागदाचं होतं. नागपूर ग्रामीणचं आरटीओ इथून तासाभराच्या वाटेवर. मी गेलो नाही. चाळीस पोरांची हजेरी रोज न चुकता घेणारा माणूस स्वतःच्या गाडीची एक नोंद करायला गेला नाही.

याची किंमत फक्त चालानापुरती असती, तर मी पेपर काळे केले नसते. कायद्याच्या भाषेत गाडीचा मालक म्हणजे तिच्या नोंदीवर ज्याचं नाव, तो. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात हेच ठणकावलं. त्या खटल्यातली गाडी मूळ मालकानं २००७ मध्ये विकली होती, पुढे ती हातोहात जात राहिली, २००९ मध्ये तिनं एक जीव घेतला. गाडी तेव्हा भलत्याच्याच ताब्यात होती. नुकसानभरपाई द्यायला लागली ती पहिल्याला, कारण नोंद त्याच्या नावाची. उद्या आंभोऱ्याच्या नव्या पुलावर, नाहीतर मांढळच्या बाजारात त्या पांढऱ्या गाडीखाली कोणाचं लेकरू आलं, तर पहिली नोटीस माझ्या दारात येणार आहे. आणि गाडी घेणाऱ्या, तू सुटलास असं समजू नकोस. विमा जुन्या नावावर राहिला आणि गाडी ठोकली, तर तुझ्या दुरुस्तीचा पैसा कंपनी देत नाही. कलम १५७ प्रमाणे विमा बदलून घेण्यासाठी तुला गाडी घेतल्यापासून १४ दिवस मिळतात. तिसऱ्या माणसाचं संरक्षण आपोआप गाडीबरोबर जातं, तुझ्या स्वतःच्या पत्र्याचं जात नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्याबरोबरच जातो.

आपल्या मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले. दीड हजार वर्षांपूर्वी जमीन कोणाला दिली, हे तांब्यावर कोरून, वर राजाची मुद्रा लावून ठेवत. त्याच गावाच्या आसपास आज चार लाखांची गाडी स्टॅम्पच्या एका कागदावर हात बदलते, आणि त्या कागदाला लोक ‘पक्का बॉण्ड’ म्हणतात. बॉण्ड आता शंभराचा मिळत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो, एवढाच काय तो पक्केपणा वाढला. हेच लोक अर्धा एकर घेताना सातबारा काढतात, फेरफार बघतात, तलाठ्याच्या दारी चार चकरा मारतात. बैल घेताना दात मोजतात, चालवून बघतात, खांदा चाचपतात, शेपटी पिरगाळतात. गाडीला मात्र चाकाला लाथ मारून विचारतात, ‘‘ॲव्हरेज किती देते, भाऊ?’’

ज्या कोणाला ती पांढरी गाडी ‘स्वस्तात भेटून राहिली’ आहे, त्यानं टोकन देण्याआधी खिशातला मोबाईल काढावा. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंद समोर येते. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली दिसतात, तरी समोर उभ्या माणसाचं नाव त्यात बसत नाही, एवढं कळायला पुरे. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कुठपर्यंत, पीयूसी आहे का, कोणत्या बँकेचा बोजा चढलेला आहे का, आरसी ‘ॲक्टिव्ह’ आहे की ब्लॅकलिस्टमध्ये, सगळं तिथं आहे. माझ्याकडून नेणाऱ्यानंतरच्या दोघांपैकी एकानंही हे पाहिलं असतं तर विचारलं असतं, ‘‘भाऊ, तुमचं नाव तर इथं नाही?’’ आणि गाडी परत माझ्या दारात आली असती.

बोज्याचं जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडे फसवणूक बहुतेक इथंच होते. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल, तर ‘हप्ते संपले, पावती आहे’ याला काही अर्थ नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत जाऊन एचपी, म्हणजे बोज्याची नोंद, उतरली पाहिजे, आरसीवरून ते नाव गेलं पाहिजे. नाहीतर उरलेल्या हप्त्यांसाठी वसुलीवाले येतात तेव्हा ते विकणाऱ्याच्या घरी जात नाहीत. ते गाडी शोधतात. आणि गाडी तुमच्या अंगणात असते.

नंतर चालान. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालानच्या पानावर थकबाकी दिसते. ती विकणाऱ्यानं भरावी, तुमच्यासमोर भरावी. नंबर प्लेटही पाहा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना राज्यात उच्च सुरक्षा प्लेट बंधनकारक झाली आहे, आणि ती नसेल तर आरटीओ नावावर करण्याचं कामच पुढे नेत नाही. २०१३ च्या त्या पांढऱ्या गाडीला जुनीच प्लेट आहे, जाहिरातीच्या फोटोत स्पष्ट दिसते. म्हणजे आज तिच्यावर चार लाख मोजणाऱ्याला ती उद्या नावावर करताच येणार नाही. पंधरा वर्षांचा हिशेबही करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. जुनी गाडी ज्या किमतीला मिळते, त्यात हा खर्च धरलेला नसतो.

परराज्यातली गाडी असेल तर आणखी सावध. सीजी, एमपी आपल्याला शेजार, दिल्लीच्या गाड्याही येतात, कारण तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली आणि त्या बाहेर विकल्या गेल्या. मूळ आरटीओची एनओसी हातात नसेल तर ती गाडी महाराष्ट्रात नावावर होत नाही. ‘एनओसी मागवली आहे, येऊन राहिली’ हे वाक्य ऐकलं की उठून घरी जायचं.

आणि हे सगळं पडद्यावर हिरवं दिसलं, तरी बोनट उघडायचंच. चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. तो पत्र्यावर ठोकलेला स्वतः वाचा, आरसीशी जुळवा, पेन्सिलनं ठसा काढा. त्याच्या भोवतीचा रंग नवा, वेल्डिंगची रेघ, अक्षरं एका ओळीत नाहीत, यातलं काहीही दिसलं तर तिथंच थांबा. हे वेड्यासारखं वाटत असेल, तर पनवेलची गोष्ट ऐका. २०१९ च्या पुरात तिथल्या यार्डात बुडालेल्या शेकडो नव्या गाड्या भंगारात काढल्या होत्या. त्यांतल्याच कितीतरी चेसिस नंबर बदलून पुन्हा विकल्या गेल्याचं २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी उघडकीला आणलं, आणि दीडशेच्या आसपास गाड्या जप्त केल्या. घेणाऱ्यांकडे आरसी होती बरं का. विदर्भ दूर आहे असंही म्हणू नका. २०२४ मध्ये परराज्यातून चोरलेले ट्रक खोट्या कागदांवर नोंदवल्याच्या प्रकरणात अमरावतीच्या आरटीओतले अधिकारी अटकेत गेले. न्यायालय जे ठरवायचं ते ठरवेल. पण कागद सरकारी शिक्क्याचा आहे एवढ्यावर निर्धास्त व्हायचे दिवस गेले. चोरीच्या गाड्यांची नोंद तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय आहे. ती फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून इथं मुद्दाम लिहितो.

पाण्याचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको, आपला तालुका गोसीखुर्दच्या पाण्याकाठचा. पण बुडालेली गाडी ओळखायची कशी? २०२३ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात अंबाझरी ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असतील यावर माझा विश्वास नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या बाजूला चिखलाची रेघ राहते. स्टेपनीच्या खाली, मॅटच्या खाली, फ्यूज बॉक्समध्ये बोट फिरवा. सीटच्या खालचे लोखंडी नट गंजलेले आणि वर सीट कव्हर कोरं करकरीत, अशी गाडी अत्तर मारून विकायला येते. भर उन्हाळ्यात आत अत्तराचा घमघमाट असेल तर नाक बंद करू नका, खाली वाका. मीटर मागे फिरवलेलं असेल तर ते क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर सांगून देतं. चाळीस हजार किलोमीटरला पेडल गुळगुळीत होत नाही.

आता दलालांना. गावातल्या गावात ‘गाडी बघून देतो, दोन टक्के द्या’ म्हणणाऱ्यांना आणि रोडच्या कडेला पाच-सहा गाड्या उभ्या करून बसणाऱ्यांना. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. गाडी ताब्यात घेतली की मूळ मालकासह फॉर्म २९-सी भरून कळवावं लागतं, मग ती विकली जाईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. हे अधिकारपत्र भिंतीवर टांगा. टांगलेलं नसेल तर लोकांनी मागावं. ‘‘आपल्याकडे असं नसते सर’’ हे उत्तर मला मान्य नाही. असं नसतं म्हणूनच एका मास्तराच्या नावानं तीन माणसं गाडी चालवून राहिली आहेत.

एक कळवळून सांगतो. गोसीखुर्दच्या धरणात ज्यांची शेती गेली, त्यांच्या हातात मोबदल्याचा पैसा एकदाच आला. त्यातला मोठा वाटा चारचाकीत घातलेली घरं मी पाहिली आहेत. ज्या पोराच्या बापानं बुडालेल्या वावराच्या पैशातून गाडी घेतली आणि ती बँकेनं ओढून नेली, त्याला वर्गात शिकवायची वेळ माझ्यावर आली आहे. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही.

आता मुदत. ती पांढरी गाडी आज ज्याच्या ताब्यात आहे, त्यानं यंदाच्या पोळ्याच्या सांजेपर्यंत माझ्या घरी यावं. रात्री आला तरी चालेल. मी फॉर्म २९ आणि ३० भरून ठेवले आहेत, सह्या केलेल्या आहेत, आधारची छायाप्रत जोडलेली आहे. माझ्या ताब्यात असतानाची जी चालानं असतील ती मी भरेन. त्यानंतरची ज्यानं त्यानं भरावीत. प्लेट बसवण्याचा खर्चही मी अर्धा देईन, कारण पहिली चूक माझी आहे. पोळ्यापर्यंत आला तर मी कुठेही त्याचं नाव काढणार नाही.

आला नाही तर मी वाट पाहणार नाही. तान्ह्या पोळ्याला नागपूरला कार्यालयांना सुट्टी असते, त्या दिवशी मारबती निघतात, म्हणून एक दिवस सोडतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर ग्रामीणच्या आरटीओला माझा अर्ज पडेल: गाडी विकल्याची खबर, विक्रीचा बॉण्ड, चालानांचे फोटो, आणि या गाडीचा कोणताही व्यवहार होऊ देऊ नये अशी विनंती. एकदा नोंदीवर ती खूण लागली की पुढे ना नाव बदलेल, ना भंगारवाला कागदोपत्री हात लावेल. तोच अर्ज कुही पोलीस ठाण्यात. मधल्या तिघांपैकी माझ्याकडून नेणाऱ्याचं नाव त्या बॉण्डवर आहे, आणि त्यानं पुढे कोणाला दिली ते तो पोलिसांना सांगेल, मला सांगत नसला तरी.

आणि या दरम्यान ज्यानं ती गाडी विकत घेतली असेल, त्यानं माझ्याकडे येऊन ‘‘सर, मले माहीतच नव्हतं’’ म्हणू नये. हे वाचलं असेल, तर माहीत झालं. वाचलं नसेल, तर हे पान बसस्टँडवरच्या हॉटेलात, तहसील कार्यालयाच्या फाटकाजवळ आणि मांढळच्या बाजारात चिकटवलेलं आहे.

फाईल तयार आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या पहिल्या गाडीत, खिडकीच्या सीटवर मी बसलेला असेन.