केवळ मातृत्वाचा प्रश्न नव्हे

नववी-दहावीतील मुलीला दोन दिवस ताप आला, तर घरातील सारी माणसे तिच्या उशाशी जमतात. चाचणी परीक्षेत चार गुण कमी पडले, तर त्याची कारणमीमांसा रात्रीच्या पंगतीत होते. त्याच मुलीची पाळी तीन-तीन महिने आली नाही, तर ती गोष्ट फार तर आईच्या कानावर जाते आणि बहुधा तेथेच थांबते. "या वयात असे व्हायचेच, लग्न झाले की सारे सुरळीत होईल," हे पिढीजात आश्वासन तिच्या पदरी पडते. पुढे लग्न होते, वर्ष-दोन वर्षे सरतात, सासरची मंडळी "काही विशेष?" म्हणून विचारू लागतात आणि मग डॉक्टरांकडे जाण्याची निकड सर्वांना एकाएकी पटते. मधली सात-आठ वर्षे हातची गेलेली असतात. 'पीसीओएस' अथवा बोलण्यात 'पीसीओडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराची आपल्याकडील हकीकत पुष्कळदा ही अशी असते.

हा विकार दुर्मीळ असता, तर ही हेळसांड एक वेळ क्षम्य ठरली असती. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रिया या विकाराने ग्रस्त आहेत आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला असे काही आहे याची जाणीवच नाही. ज्या कचेरीत चाळीस तरुण स्त्रिया काम करतात, तेथे चौघी-पाचजणी या विकाराच्या असाव्यात आणि त्यांतील एखाददुसरीलाच त्याचे नाव ठाऊक असावे, असा याचा सरळ अर्थ होतो.

या अज्ञानाला विकाराच्या नावाचाही हातभार लागला आहे. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोघा स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची अंडाशये आकाराने वाढलेली असून त्यांत लहान लहान पुटके दिसत होती. त्यावरून 'अनेक पुटकांचे अंडाशय' हे नाव रूढ झाले आणि आपल्याकडे त्याचे 'अंडाशयात गाठी' असे भयसूचक भाषांतर झाले. वस्तुतः या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात काही बीजपुटके वाढीस लागतात, त्यांतील एक परिपक्व होऊन बीज बाहेर पडते, हा निसर्गक्रम आहे. या विकारात ही वाढ अर्ध्यावर थांबते आणि अपक्व पुटके तशीच राहतात. पुटके हा परिणाम होय. मूळ बिघाड संप्रेरकांच्या समतोलात असतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात निर्माण करते. ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करावयास लावते. आणि त्या संप्रेरकांमुळे पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात. हे दुष्टचक्र सर्वच स्त्रियांत सारख्या प्रमाणात फिरते असे नाही. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो आणि सडपातळ मुलीही त्यातून सुटत नाहीत. नावाने होणारी ही दिशाभूल लक्षात घेऊनच अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ साली नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने नाव बदलण्याची शिफारस केली होती.

मूळ असे संप्रेरकांत व चयापचयात असल्यामुळेच हा प्रश्न केवळ मातृत्वापुरता राहत नाही. ज्या स्त्रीला हा विकार आहे तिला मधुमेह जडण्याचा धोका अधिक असतो आणि तो तुलनेने लहान वयातच संभवतो. गरोदरपणातील मधुमेह व रक्तदाब, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, झोपेत श्वास अडखळणे, दीर्घकाळचे नैराश्य यांचाही या विकाराशी निकटचा संबंध आहे. पाळी महिनोन् महिने न येता गर्भाशयाचे अस्तर वाढत राहिले, तर पुढे त्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. "दोन मुले झाली, आता पाळी आली काय अन् न आली काय" असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या गृहिणीला हे कोणी सांगितलेलेच नसते. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा निष्कर्ष भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. अशा देशात ज्यांना हा धोका अधिक त्या स्त्रिया कोण, हे त्यांच्या विसाव्या वर्षीच कळू शकते. ती संधी आपण लग्नाची आणि पाळण्याची वाट पाहत दवडतो.

मातृत्वाबाबतचा समजही तितकाच चुकीचा आहे. बीज वेळेवर बाहेर पडत नसल्याने गर्भधारणेस विलंब लागू शकतो, हे खरे. परंतु त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना, काहींना उपचारांनंतर तर काहींना उपचारांवाचूनही, अपत्यप्राप्ती होते. तरीही विवाह ठरविताना मुलीचा आजार लपविला जातो. कारण तो उघड झाला तर तिच्यावर कायमचा शिक्का बसेल, ही आईबापांची भीती निराधार नसते. ती खरी ठरविणारा समाज आहे आणि तो बदलावयाचा असेल, तर जागृतीचे काम मुलींइतकेच मुलांच्या, त्यांच्या आयांच्या आणि वडिलांच्या बाबतीतही करावयास हवे.

जागृतीच्या या मोहिमेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गवगवा वाढला की धडधाकट मुलीही स्वतःला रोगी समजू लागतात, असे काही डॉक्टर म्हणतात. मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत एका निकषाने २२.५ टक्के मुलींना हा विकार असल्याचे दिसले, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषाने तेच प्रमाण १०.७ टक्के भरले. मुली त्याच, मोजपट्टी बदलली आणि आकडा निम्म्याहून खाली आला. पाळी सुरू झाल्यानंतरच्या आरंभीच्या काळात ती अनियमित असणे स्वाभाविक असते आणि त्या वयात सोनोग्राफीत अनेक पुटके दिसणेही नवलाचे नाही. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे सोनोग्राफीवरून या विकाराचे निदान करू नये. पाळीतील अनियमितपणा आणि पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याची लक्षणे या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज कुमारवयीन मुलीला हे नाव चिकटवू नये. आपल्याकडे मात्र चौदा वर्षांच्या मुलीला प्रथम सोनोग्राफीलाच धाडले जाते. तेव्हा आक्षेप खरा. परंतु त्यावरील उपाय मौन हा नसून अचूक माहिती हाच आहे.

माहितीची जागा रिकामी राहिली, की ती बाजार भरून काढतो. पाळी नियमित करणारी चूर्णे, 'गाठी विरघळविणारे' काढे, तीन महिन्यांत विकार मुळासकट घालविण्याची हमी देणारे आहारतक्ते यांचा आज सुळसुळाट आहे. वास्तविक पाळीच्या तक्रारी दूर करण्याचा दावा करून औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी घातलेली आहे. पण त्या कायद्याची आठवण ना जाहिरातदाराला असते, ना ती जाहिरात स्वीकारणाऱ्याला. वैद्यकशास्त्र काय सांगते ते फार साधे आहे. हा विकार समूळ नाहीसा होत नाही, परंतु तो उत्तम रीतीने आटोक्यात राहतो. नियमित व्यायाम व समतोल आहार यांचा लाभ होतो. कोणताही एक विशिष्ट आहार इतरांहून श्रेष्ठ ठरलेला नाही. पाळीसाठी, नको असलेल्या केसांसाठी, साखरेसाठी वेगवेगळी औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाची असतात. मात्र "आधी वजन कमी करून ये" एवढेच बजावून मुलीला परत पाठविणे हा उपचार नव्हे. या विकारात वजन उतरविणे अवघड जाते हे ठाऊक असलेल्याने तरी तिला आळशी ठरवू नये.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि शरीराविषयी शास्त्रीय भाषेत बोलल्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीही मराठी घरात पाळीची तारीख कुजबुजतच सांगावी लागावी, हे भूषणावह नाही. करावयाच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. प्रत्येक मुलीला दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखेची खूण करण्याची सवय शाळेत लावता येईल. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावरही दोन पाळ्यांतील अंतर ३५ दिवसांहून अधिक वा २१ दिवसांहून कमी असेल, अथवा वर्षाकाठी आठांपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या वर्षानंतर एखादी पाळी ९० दिवसांहून अधिक लांबली तरी दाखवावे. एवढे नियम आठवीच्या वर्गात सहज शिकविता येतील. मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसू लागला, तर तो मळ समजून घासत बसू नये, तो वाढलेल्या इन्सुलिनचा निदर्शक असू शकतो, हेही तेथेच सांगता येईल. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र सल्लाकेंद्रे ठेवली. तेथवर मुलगी पोहोचेल, ती शिक्षिकेने पाठविली तरच. आणि जिचे निदान झाले आहे, तिचे वजन, रक्तदाब व रक्तशर्करा ठराविक काळाने तपासण्याची व्यवस्था प्राथमिक आरोग्य केंद्रातही असावयास हवी.

मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना तिच्या प्रकृतीची विचारपूस करण्यास पालकांना कोणी मज्जाव केलेला नाही. ती विचारपूस लग्नाच्या बोलणीपर्यंत लांबणीवर टाकण्याची रीत मोडणे, एवढेच या जागृतीचे पहिले काम आहे.