तुटलेला हात आणि मालकाची दया

खंडेनवमीच्या दिवशी पिंपरी-चिंचवड, भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यांत कोणी गेल्यास त्यास यंत्रांची पूजा मोठ्या थाटाने चाललेली दिसेल. पत्रा दाबून भाग घडविणाऱ्या प्रेसला झेंडूची माळ घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. यंत्राविषयीची ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु त्याच प्रेसखाली एखाद्या तरुणाची चार बोटे चिरडली गेली, म्हणजे भाषा एकाएकी पालटते आणि “काय करणार, मुलगा निष्काळजी होता,” असे उद्गार कानी पडतात. आमचा आक्षेप या उद्गारांवर आहे. ते केवळ कारखानदारच काढतात असेही नाही. सुशिक्षित मंडळी दिवाणखान्यात बसून त्यांस मान डोलावतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या निष्काळजीपणाचीच तपासणी करू. प्रेसवरचा कामगार पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवतो, वरचा भाग दाणकन खाली येतो, तयार झालेला नग तो काढून घेतो आणि नवा तुकडा ठेवतो. पाळी संपेपर्यंत हेच, शेकडो वेळा. इतक्या वेळांत एकदाही चित्त विचलित होऊ नये ही अपेक्षा एखाद्या योग्यासही जड जावी. म्हणूनच दोन्ही हातांनी दोन कळा एकदम दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये अशी योजना यंत्रविद्येने केली. हात आत जाताच यंत्र थांबविणारा प्रकाशकिरणांचा पडदाही निर्माण केला. आता उत्पादन वाढावे म्हणून एक कळ बांधून टाकावयाची, किंवा कळांच्या जागी पायाने दाबावयाचा पायटा बसवून हात मोकळे ठेवावयाचे, आणि तो मोकळा हात साच्यात सापडला की दोष कामगाराच्या माथी मारावयाचा, हा कोठला न्याय? निष्काळजीपणा झाला हे आम्हांसही मान्य आहे. तो कोणाचा, एवढाच वाद आहे.

कायद्याने हा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटविला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा मालकाची चूक शोधीत बसला नाही. कामामुळे व काम करीत असता इजा झाली, एवढे पुरे मानून त्याने भरपाईचा भार मालकावर टाकला. नशा, सुरक्षेविषयीच्या हुकुमाचे जाणूनबुजून उल्लंघन, संरक्षक साधन बुद्ध्या काढून टाकणे, असे मोजकेच अपवाद त्यात होते; क्षणभराचे दुर्लक्ष त्यांत बसत नव्हते. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ म्हणून मुख्य मालकास अंग काढून घेता येत नव्हते. हक्क सोडल्याचे लिहून घेतले तरी तो करार शून्यवत होता. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला व ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. मूळ तत्त्व मात्र टिकून आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारास मालकाऐवजी महामंडळाकडून लाभ मिळतो, एवढाच भेद.

व्यवहार मात्र कित्येक ठिकाणी निराळाच. विम्यात नाव घालण्याची आठवण अपघातानंतर होते. ज्याचा एक अंगठा गेला, त्याच्याच दुसऱ्या अंगठ्याचा ठसा कोऱ्या कागदावर घेतात! इस्पितळाचे बिल भागवून आणि गावी जाण्यापुरते भाडे हाती ठेवून “आम्ही त्याच्यासाठी पुष्कळ केले,” असे सांगतात. देण्यास दान म्हटले की देणेकरी दाता ठरतो आणि हक्कदार याचक ठरतो. मूळ अपघाताइतकाच हा दुसरा घावही आम्हांस क्रूर वाटतो.

भरपाईच्या रकमेविषयीही असाच घोटाळा आहे. १९२३ च्या कायद्याच्या कोष्टकात अंगठ्यास शेकडा ३०, तर्जनीस १४, एका हाताच्या चारही बोटांस ५० आणि संपूर्ण हातास ६० इतकी कमाईची हानी धरलेली होती. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, हे ओळखून न्यायालयाने त्याची हानी पूर्ण मानली. भरपाईही अपघाताच्या दिवसापासूनच देय होते असे ठरविले. अवयवाच्या शेकडेवारीवर न थांबता माणसाचा धंदा पाहावयाचा, हा त्या निकालाचा बोध आहे.

यावर म्हणतील, अशाने लहान कारखानदार बुडेल. त्याची अडचण आम्ही नाकारीत नाही. त्याने विम्याचा हप्ता वेळेवर भरावा. आणि त्याच्याकडून स्वस्तात माल घेणाऱ्या बड्या कंपन्यांनी भावात सुरक्षेचा खर्च धरावा. आमच्या दारातील मोटारीचा पत्रा अशाच एखाद्या प्रेसखालून आलेला असतो. ती थोडी स्वस्त पडावी म्हणून कोणा परक्या मुलाने बोटे द्यावी, असा सौदा आम्ही उघडपणे करू काय?

या मासिकाच्या वाचकांत इंजिनियर आहेत, जखमेचा दाखला देणारे डॉक्टर आहेत, वकील आहेत, हजेरीपट व हिशेब तपासणारेही आहेत. कामगाराचा हक्क यांच्याच टेबलांवरून पुढे सरकतो किंवा तेथेच बुडतो. दया त्यांनी घरी ठेवावी. खरा दाखला, खरी तारीख आणि खरी नोंद एवढेच द्यावे. आणि येत्या खंडेनवमीस यंत्राला माळ घालण्यापूर्वी त्याच्या दोन्ही कळा शाबूत आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे.