विठाबाईंच्या वेणांना ‘कलानिष्ठा’ म्हणणारे तुम्ही कोण?

तमाशावर भाषण सुरू झाले की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा एक प्रसंग हमखास सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. वेणा आल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा पायात घुंगरू घेऊन प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. यावर टाळ्या पडतात. वक्ता म्हणतो, “याला म्हणतात कलेवरची निष्ठा!”

आम्ही विचारतो, ही निष्ठा की नाइलाज? अख्ख्या फडाचे पोट ज्या बाईच्या पायांवर चालते, ती खेळ थांबवणार कशी?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तिचा काही भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला, पण कारखान्यातल्या बाईसाठी. १९३५ साली जन्मलेल्या विठाबाईंपर्यंत तो पोहोचलाच नाही. कारण मांग, महार, कोल्हाटी बाईच्या नाचण्याला या समाजाने श्रम मानलेच नाही. ते तिच्या ‘जातीतच’ आहे असे ठरवून टाकले. रात्री शिट्ट्या मारायच्या आणि सकाळी तिलाच ‘नाची’ म्हणून हिणवायचे!

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पदके मिळाली, पेन्शनची हमी मिळाली नाही. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. आता त्यांच्याच नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. जिवंत बाईला औषधपाणी नाही आणि मेल्यावर तिच्या नावाचे सन्मानचिन्ह!

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून आमची सुटका नाही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या पैशातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही आठवण चळवळीत अभिमानाने सांगितली जाते. तिचा सोयीचा अर्थ काढून आमच्यातल्याच काहींनी तमाशातल्या बायांकडे पाठ फिरवली. बंधूंनो, भगिनींनो, तो नकार पवळाबाईला नव्हता. महार बाईला नाचवून मिळवलेल्या पैशाला होता. शोषण नाकारणे वेगळे आणि शोषित बाईला नाकारणे वेगळे. दुसरे काम तर मनुवादीही करतात.

म्हणून ‘लोककला जगवा’ ही घोषणा आम्हाला मान्य नाही. आधी कलावंतीण जगवा. फडातल्या बाईला कामगाराचा दर्जा द्या, प्रसूती रजा आणि म्हातारपणी हक्काची पेन्शन द्या. उचलीच्या कर्जातून तिला मोकळी करा. तिच्या पोरांसाठी वसतिगृहे काढा. मग नाचायचे की नाही, हे तिची मुलगी ठरवील. जात ठरवणार नाही.

पुढच्या वेळी कुणी तो नाळेचा प्रसंग सांगून टाळ्या मागितल्या, तर टाळी वाजवू नका. उभे राहा आणि विचारा, त्या रात्री तिला सुट्टी का नव्हती?

जय भीम!